जुनी चालही एकदा नवीच होती

३१ डिसेंबरच्या रात्री तुमचा ग्रुप ढाब्यावर, नाहीतर कुणाच्या तरी टेरेसवर जमतो. त्याच रात्री सातारा, सांगली, मिरजेतल्या चर्चमध्येही गर्दी असते. सरत्या वर्षाबद्दल आभार मानायचे, येणारं वर्ष देवाच्या हाती सोपवायचं आणि बारा वाजले की एकमेकांना हॅपी न्यू इयर. पाळकांचा उपदेश बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर येतो : बदलाला घाबरू नका, देवावर भरवसा ठेवा. सगळे 'आमेन' म्हणतात.

मग जानेवारीतल्या एखाद्या मीटिंगला तरुण संघातलं कुणीतरी विचारतं, रविवारी एखादं गाणं गिटारवर घेऊ या का? झालं, वातावरण टाइट! "आपल्याकडे असं नसतं."

हसू नका. तुमच्या मंडळात ढोल की डीजे यावरून काय होतं, आठवा जरा. भांडण वाद्यावरून दिसतं, पण आतली भीती वेगळी असते. डिग्री हातात पडली की पोरं पुणे-मुंबईची वाट धरतात आणि नाताळला चार दिवस येतात. मागे राहिलेल्या ज्येष्ठांना वाटतं, माणसं गेली, आता निदान गाणी तरी राहू देत. पोरांना वाटतं, इथं आपलं काही चालत नाही, मग यायचं कशाला? दोघंही देवावर भरवसा आहे असंच म्हणतात. एकमेकांवर मात्र नाही.

आता ज्या गाण्यांवरून हे चालतं, ती कुठून आली ते बघा. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या पुस्तकातली कितीतरी गाणी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे हे पती. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा चर्चमध्ये इंग्रजीवरून केलेली, इंग्रजी चालींची गाणी बरीच असायची. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन यांच्या वळणावर ख्रिस्ताची गाणी रचली. म्हणजे आज जी 'आपली जुनी पद्धत' म्हणून जपली जाते, ती त्या काळातली गिटारच होती म्हणा ना!

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुढे काय होईल याची कुठलीच हमी नव्हती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेलेच. दरबार काही मोठी संस्था झाला नाही. गाणी मात्र आजही दर रविवारी म्हटली जातात.

मला भरवसा म्हणतात तो हाच वाटतो. काय टिकेल आणि काय जाईल, हे आपण ठरवायचं नाही. आपल्या वाट्याचं काम करायचं आणि हात सैल सोडायचा. 'देव सांभाळेल' म्हणायचं आणि कपाटाची किल्ली कमरेलाच ठेवायची, हे काही जमत नाही. ज्येष्ठांनी वर्षातल्या काही उपासना खरोखर पोरांच्या हाती द्याव्यात. चुकले तर चुकू देत.

पण मित्रांनो, बिल आपल्यालाही येतं. टिळकांनी नवं केलं ते जुनं नीट पचवून. संस्कृत, ज्ञानेश्वर, तुकाराम त्यांच्या अंगात मुरलेले होते. आपल्यातल्या कितींना उपासना संगीतातली दहा गाणी चालीसकट येतात? यूट्यूबवरचं वर्शिप साँग उचललं, की झाला का बदल? सुट्टीत घरी आलात तर एखाद्या आजींजवळ बसा, त्यांना येणाऱ्या चाली मोबाइलवर रेकॉर्ड करा, शिका. मग गिटार लावा खुशाल. आणि नोकरीसाठी बाहेर गेलात तरी एक काम अंगावर ठेवा : संडे स्कूलचं ऑनलाइन नियोजन असो, नाहीतर हिशेबाची शीट.

'आपल्याकडे असं नसतं' म्हणणाऱ्या काकांनाही पहिलं गाणं निवडायला सांगा. ते बहुतेक टिळकांचंच निवडतील.