हिशेब आपण लिहायचा, निर्णय त्यांनी घ्यायचा?

गुलमंडीतल्या एखाद्या मोठ्या दुकानात जा. टॅलीत नोंदी करणारा, जीएसटीची बिलं लावणारा पोरगा आपल्या वस्तीतला असू शकतो. गल्ल्यावर मात्र मालकाच्या घरचाच माणूस. माल कोणता भरायचा, उधारी कुणाला द्यायची, हे तोच ठरवतो.

आपली बीकॉम, एमबीए झालेली मुलं मुंबई-पुण्याच्या वित्त कंपन्यांत लागतात तेव्हा वस्तीत पेढे वाटले जातात. वाटावेतच. पण पोरगं बसतं कुठे? बॅक ऑफिसात. केवायसी तपास, सौद्यांचा ताळमेळ लाव, अहवाल पाठव. हे काम हलकं नाही. 2023 पासून शेअरचा सौदा दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, तो या लोकांच्या कष्टावर. पण भांडवल कुणाला द्यायचं हे ठरतं दुसऱ्या टेबलावर. तिकडे जायचं म्हटलं की उत्तर तयार असतं: "गुंतवणुकीचा अनुभव नाही." टेबलावर बसू दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून?

यावर कुणी मेरिट शिकवायला आलं तर त्याला इतिहास सांगा. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी 1917 नंतर मुंबईत शेअर-रोख्यांचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईकं गेली आणि व्यवसाय बंद पडला. सल्ला चुकला नव्हता. पुढे 1923 मध्ये त्याच माणसाने रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पैशाच्या धंद्यात 'विश्वास' नावाची जी गोष्ट आहे, तिला जात असते.

आपलेच काही साथी म्हणतात, "शेअर बाजार भांडवलदारांचा, आपला काय संबंध?" बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा सरकारच्या मालकीचा असावा अशी मागणी केली, कारण जनतेच्या बचतीवर कुणाची सत्ता हा प्रश्न त्यांना कळत होता. आज आपल्या आईबापांचा एलआयसीचा हप्ता आणि पीएफ बाजारात गुंतवला जातो. पैसा आपला आहे, मग संबंध कसा नाही?

म्हणून बॅक ऑफिसातल्या साथींनो, तिथे मुरू नका. एनआयएसएमची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा द्या. दर तिमाहीला एका कंपनीचा ताळेबंद वाचून आपलं मत तारखेसह लिहून ठेवा आणि वर्षाने तपासा. अनुभव विचारणाऱ्यासमोर ती वही ठेवा. मात्र शिफारशी सोशल मीडियावर वाटू नका. त्याला सेबीची नोंदणी लागते. कंपनीत अंतर्गत जागा निघाली की लेखी अर्ज करा, नकारही लेखी मागा.

पण सगळा भार एकट्या पोरावर टाकणं हीसुद्धा पळवाटच. आपल्या लोकांना तिथे शिफारस करणारा मामा-काका नसतो आणि संविधानाच्या कलम 16(4) चं आरक्षण खासगी कंपनीच्या दारात थांबतं. म्हणून खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी करताना कारकुनीच्या जागा मोजून गप्प बसू नका. निर्णयाच्या टेबलावर कोण बसलंय, हे विचारा. बार्टीने बँकेच्या परीक्षांच्या तयारीबरोबर गुंतवणूक विश्लेषणाचंही प्रशिक्षण द्यावं, यासाठी निवेदनं द्या, पाठपुरावा करा.

दुसऱ्याच्या तिजोरीचा हिशेब चोख ठेवला म्हणून कुणी सत्ताधारी होत नाही. शासनकर्ती जमात व्हायचं असेल तर तिजोरीच्या किल्लीवरही हक्क सांगावा लागेल.

जय भीम!