कार्ड घेण्याआधी यूपीएसचं लेबल वाचा

आठ हा आकडा सहापेक्षा मोठा आहे, याबद्दल दुकानात आलेल्या कुणाशीच माझा वाद नाही. वाद सुरू होतो तो त्यापुढे. सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हल्ली नव्या ग्राफिक्स कार्डांपेक्षा जुन्यांचीच विचारणा जास्त. नवं घ्यायचं म्हटलं की अख्ख्या कॉम्प्युटरइतके पैसे त्या एका कार्डाला लागतात, मग गिऱ्हाईक जुन्याकडे वळतं. जुन्यात फिरून फिरून दोनच नावं समोर येतात. एएमडीचं आरएक्स ५८०, आठ जीबीचं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, सहा जीबीचं. पोरं यूट्यूबवर बघून पहिलं ठरवूनच येतात. मी बहुतेकांना दुसरं घ्यायला सांगतो, आणि त्यामुळे माझ्याकडे ५८० शिल्लक नसणार असा त्यांचा समज होतो. शिल्लक असतं.

मे महिन्यात एसटीतले एक कंडक्टर मुलाला घेऊन आले. मुलगा बारावी देऊन मोकळा झालेला.

"काका, ५८० आहे का? एट जीबी?"

"कशाला पाहिजे?"

"ब्लेंडर शिकायचंय." मग वडिलांकडे एकदा बघून, हळूच, "आणि थोडं जीटीए."

वडील म्हणाले, "पैसे एकदाच जाणार साहेब. मोठं असंल ते द्या."

मी विचारलं, "घरी यूपीएस कितीचा आहे?" दोघंही माझ्या तोंडाकडे बघायला लागले. कार्ड घ्यायला आलोय आणि हा माणूस यूपीएस गळ्यात मारतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आपल्याकडे घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. त्याच्या लेबलवर बारीक अक्षरात ३६० वॅट असं लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. आता बेरीज करू. ५८० पूर्ण ताणावर १८५ वॅट खातं, १०६० खातं १२०. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर ८४ वॅटचा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीस धरा. ५८० लावलं तर झाले ३०९, १०६० लावलं तर २४४. ही झाली एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून, बाहेर पडणारी वीज. आत घेतलेल्या विजेचा पाचवा हिस्सा तो नुसता उष्णतेत घालवतो असं मानलं, तर यूपीएसकडून एक मशीन ३८६ वॅट ओढतं आणि दुसरं ३०५. वर मॉनिटरचे पंचवीस. म्हणजे ४११ आणि ३३०. एक आकडा ३६०च्या वर गेला, दुसरा खाली राहिला.

सगळे भाग एकाच वेळी पूर्ण ताणावर असणं रोज घडत नाही, हे मान्य. पण वळवाचा पाऊस सुरू झाला, लाइट गेली आणि पोरगं गेममध्ये रंगलेलं असलं, की नेमकं तेव्हाच घडतं. यूपीएस एक लांब शिट्टी मारतो आणि मशीन धाडकन बंद. तीनदा-चारदा असं झालं की हार्ड डिस्क माझ्याकडे येते. मग वडील म्हणतात, यूपीएस खराब दिलात.

यूट्यूबवरच्या तुलनांमध्ये हे येत नाही, कारण तिथल्या मशीनला साडेसहाशे वॅटचा उत्तम एसएमपीएस असतो. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर फुकटात आलेला असतो. त्याच्यावर ४५० लिहिलेलं असतं, पण उचलून बघितला की वजनावरूनच कळतं आत काय आहे ते. ग्राफिक्स कार्डाला लागणारी सहा पिनची वायरसुद्धा त्याला बऱ्याचदा नसते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनच्या वायरीतून १५०. साध्या १०६० ला एक सहा पिन पुरते. ५८० ला आठ पिन लागते. ती नसली की लोक शे-दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर आणून जुन्या डिस्कच्या वायरीतून वीज घेतात. माझ्या टेबलाच्या खणात असे जळके कन्व्हर्टर मी मुद्दाम ठेवलेत. पांढरं प्लास्टिक आधी बिस्किटाच्या रंगाचं होतं, मग तपकिरी, मग पिन आतल्या आत चिकटून बसते आणि पक्कडीनं ओढावी लागते. कुणी फारच हट्ट धरला तर खण उघडून दाखवतो.

वीजबिलाचं म्हणाल तर दोन कार्डांत ६५ वॅटचा फरक आहे. रोज चार तास पूर्ण ताणावर खेळलं तर वर्षाला ९५ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर साडेनऊशे रुपये. कार्ड जुनं आहे, दोन वर्षं वापरणार, म्हणजे स्वस्तात मिळालेलं ५८० बघता बघता महाग पडतं.

आता ५८० च्या बाजूचं बोलतो, नाहीतर मी एनव्हिडियाचा एजंट ठरेन. ते वेगात मागे नाही. १०८०पी पडद्यावर दोघं जवळपास बरोबरीनं धावतात आणि मेमरी जास्त खाणाऱ्या गेममध्ये ५८० थोडं पुढेच निघतं. पण ज्या नव्या गेमसाठी ती जास्तीची मेमरी घ्यायची, ते गेम आता मेमरीवर अडत नाहीत. २०२३च्या ॲलन वेक २ नं मेश शेडर मागितले. २०२४च्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलला हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय चालत नाही. यातलं काहीच या दोन्ही कार्डांत नाही. तिथं सोळा जीबी असती तरी काय उपयोग होता? आणि पोरं प्रत्यक्षात खेळतात ते व्हॅलोरंट, नाहीतर २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५. त्याला सहा जीबी भरपूर झाली.

ब्लेंडरचा मुद्दा तर आणखी सरळ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत ब्लेंडरनं आपल्या सायकल्स या रेंडर इंजिनातून ओपनसीएल काढून टाकलं. एएमडीच्या नव्या कार्डांना त्याऐवजी एचआयपीचा रस्ता मिळाला, ५८० च्या पोलॅरिस पिढीला मिळाला नाही. म्हणजे ब्लेंडर शिकायला म्हणून ५८० आणायचं आणि रेंडर लावला की सगळा भार प्रोसेसरवर, कार्ड नुसतं बघत बसलंय. १०६० तेच काम एनव्हिडियाच्या कुडावर करतं. कंडक्टरसाहेबांच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाही. कार्डांची तुलना म्हणजे गेमचे फ्रेम मोजणं, एवढंच सगळीकडे दाखवतात.

ड्रायव्हरच्या बाबतीत दोघांचीही संध्याकाळ झाली आहे. एनव्हिडियानं १०६० च्या पास्कल पिढीचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले आणि पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट द्यायचं जाहीर केलं. एएमडीनं पोलॅरिसला २०२३ मध्येच मुख्य ड्रायव्हरपासून वेगळं काढलं. मात्र विंडोज १० ची मुदत संपल्यावर ज्यांनी मशीनवर लिनक्स टाकलं, त्यांना मी उलटं सांगतो: एसएमपीएस दमदार असेल तर खुशाल ५८० घ्या. त्याचा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच असतो, कंपनीच्या मर्जीवर बसावं लागत नाही. असं गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचित येतं, पण येतं तेव्हा गप्पा रंगतात.

आणि ज्यांच्याकडे बँकेतून किंवा कंपनीतून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप आहे, त्यांनी या दोन्ही कार्डांच्या नादाला लागू नये. त्यातला एसएमपीएस बदलताही येत नाही धड. त्यांनी ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं जीटीएक्स १६५० बघावं. मेमरी चारच जीबी, पण मशीन चालेल.

माझा खरा राग मात्र नावांवर आहे, आणि ही लबाडी बाजारातल्या कुणा भुरट्याची नाही, कंपन्यांचीच. १०६० मुख्यतः दोन प्रकारचं निघालं, सहा जीबीचं आणि तीन जीबीचं. नाव वाचून वाटतं की फरक मेमरीचाच. पण तीन जीबीवाल्यात कोअरसुद्धा कमी आहेत: १२८० च्या जागी ११५२. एएमडीनं त्यावर कडी केली. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी '५८० २०४८एसपी' नावाचं कार्ड काढलं. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर, म्हणजे तेच कोअर, यात २०४८, म्हणजे मुळात ते ५७०च. शेपटीचे ते चार आकडे जुन्या बाजारात हातोहात फिरताना गळून पडतात आणि उरतं ते नुसतं ५८०. म्हणून बिलावर दुकानदाराकडून शेडरचा आकडा लिहून घ्या. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तो आकडा त्यात दिसतो. माझ्या मते जुनं कार्ड विकणाऱ्या प्रत्येकावर ही सक्ती असायला हवी. शर्टावर सुती की टेरिकॉट ते लिहिलेलं असतं, मग सात हजारांच्या वस्तूवर का नको?

मायनिंगला वापरलेलं कार्ड घ्यावं का, हे सगळे विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डावर ते काढणं एका रात्रीत बंद पडलं आणि ढिगानं कार्डं बाजारात आली. त्यात ५८० चा भरणा मोठा, कारण मायनिंगवाल्यांचं ते लाडकं होतं. दिवसरात्र चाललं म्हणून कार्ड वाईट, असं मी मानत नाही. पंखे बदलता येतात. भीती वेगळी आहे. मायनिंगसाठी मेमरीचं टायमिंग बदलून बायोस फिरवलेला असतो आणि मूळ बायोस परत न टाकताच कार्ड विकतात. डेस्कटॉपवर छान चालतं, गेम लावला की हँग.

त्याहून वाईट म्हणजे हीट मारलेलं कार्ड. डिस्प्ले येत नसला की काही जण चिपवर हीटगन धरतात, जोड तात्पुरते बसतात आणि कार्ड विकेपर्यंत चालतं. हे ओळखायचं असेल तर कार्ड हातात घेऊन उजेडात तिरकं धरा. चिपच्या कडेला चकचकीत, पिवळट थर वाळलेला दिसतो, तो फ्लक्सचा. आसपासचे स्टिकर सुरकुतलेले असतात. मागच्या चार स्क्रूंची डोकी बघा, पेचकसानं खरवडलेली असली तर हीटसिंक निघून परत बसलाय. तो चांगल्या कारणासाठीही निघतो, पेस्ट बदलायला, पण विचारायला हरकत नाही. आमच्या भागात आणखी एक गोष्ट तपासतो. २०१९च्या महापुरात पाण्यात राहिलेली मशीनं धुऊन-पुसून कुठे कुठे गेली देव जाणे. पॉवरच्या पिनांच्या मुळाशी हिरवट बुरा दिसला तर कार्ड तिथंच खाली ठेवायचं.

घरचा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए वायरीचा असेल तर तेही आधीच सांगा. दोन्ही कार्डांच्या डीव्हीआयमधून ॲनालॉग सिग्नल निघत नाही, त्यामुळे वीस-तीस रुपयांची पिन लावून काम होत नाही. चिप असलेला एचडीएमआयचा कन्व्हर्टर लागतो.

आणि टेस्टिंग वॉरंटी. बाजारात सात दिवसांची देतात, मी पंधरा देतो, महिन्याची मागितली तर घासाघीस करतो. ती जेवढी मिळेल तेवढी वापरा. बरेच पालक कार्ड बसवलं की मुलाला दम भरतात, आधी अभ्यास, गेम रविवारी. चूक. त्या सात दिवसांत पोराला हवं तितकं, हवा तो गेम, पंख्याचा आवाज स्वयंपाकघरात येईपर्यंत खेळू द्या. कार्ड मरायचंच असेल तर माझ्या खर्चानं मरू दे.