मुक्या चुका आणि साक्षी आकडा

एका जातीच्या संगणकावर साठविलेले आकडे दुसऱ्या जातीच्या संगणकावर नेणे हे काम आपल्या कचेऱ्यांतून आणि प्रयोगशाळांतून अद्यापि नक्कलनविसाच्या पायरीचे समजले जाते; टेपवरील बाइट डिस्कवर उतरले, त्यांची संख्या मुळाशी रुजू झाली, की नक्कल बरहुकूम असल्याचा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल करण्यात येते. परंतु बाइट जसेच्या तसे येऊनही आकडे खोटे ठरू शकतात, आणि जुन्या टेपा नव्या साठवणीत आणल्या जात असताना या शक्यतेकडे होणारे दुर्लक्ष मला अत्यंत चिंताजनक वाटते.

चार बाइट म्हणजे 32 बिट, आणि या शून्य-एकांना स्वतःचे असे मोल नसते. ते वाचणारे यंत्र कोणता संकेत मानते, त्यावर त्यांचे मोल ठरते. 1964 साली आयबीएमने ‘सिस्टिम/360’ ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा अपूर्णांकयुक्त संख्यांसाठी तिने जो संकेत स्वीकारला त्यात पहिला बिट चिन्हाचा, पुढील 7 घातांकाचे आणि उरलेले 24 अंकांचे होते, आणि घातांकाचा पाया 2 नसून 16 होता. डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांचा पाया 2, पण बाइटांची मांडणी विलक्षण; क्रे महासंगणकांचा संकेत याहूनही निराळा. दशमान पद्धत येण्यापूर्वी गावोगावचे शेर आणि पायल्या वेगळ्या असत, तशी ही स्थिती होती. प्राध्यापक विल्यम कहान यांच्या अविरत परिश्रमांनी 1985 साली आय-ट्रिपल-ई 754 हे मानक संमत झाले आणि नव्या यंत्रांपुरता हा गोंधळ बव्हंशी मिटला. जुन्या टेपांवरचा मात्र होता तेथेच राहिला.

या स्थित्यंतरात होणाऱ्या सर्व चुका सारख्याच घातक नसतात. काही यंत्रे संख्येचा मोठा बाइट आधी लिहितात, काही लहान बाइट आधी. हा क्रम उलटा वाचला गेला तर 1 या पूर्णांकाचे 1,67,77,216 होतात, आणि असला आकडा पाहून कोणीही शहाणा मनुष्य जागच्या जागी थांबतो. ही चूक आरडाओरड करते, म्हणून ती परवडते. आयबीएमच्या संकेतात लिहिलेला आकडा आय-ट्रिपल-ईच्या संकेताने वाचला तर काय होते, ते मात्र पाहण्यासारखे आहे: 1 चे 9 होतात, 2 चे 10, 10 चे 20 आणि 100 चे 57. ऋण संख्या ऋणच राहते, शून्य शून्यच राहते, इतकेच नव्हे तर संख्यांचा लहान-मोठेपणाचा क्रमही बिघडत नाही. आलेख काढावा तर शिखरे शिखरांच्या जागी आणि दऱ्या दऱ्यांच्या जागी दिसतात. खोटी असते ती फक्त त्यांची उंची.

ही ‘फक्त उंची’ कोठे निर्णायक ठरते, याचे उदाहरण खनिज तेलाच्या शोधात सापडते. 1974 साली ‘सागर सम्राट’ या समुद्री वेधनमंचाने मुंबई हाय येथे तेल शोधले, त्याआधी समुद्रतळाखालची ती संरचना भूकंपीय सर्वेक्षणानेच दाखवून दिली होती; कृत्रिम कंपने खडकांत सोडून त्यांचे प्रतिध्वनी नोंदविण्याची ती पद्धत. या नोंदींच्या देवघेवीसाठी अमेरिकेतील भूभौतिकी संशोधकांच्या संस्थेने 1975 साली ‘सेग-वाय’ हा आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्या काळाला अनुसरून त्यात आयबीएमचाच संकेत घातला. आता, वालुकाश्मात वायू साठलेला असला तर त्या थरावरून येणारा प्रतिध्वनी पुष्कळदा भोवतालच्या थरांपेक्षा ठळक असतो, आणि अभ्यासक त्या ठळकपणाचे प्रमाण मोजतात. चुकीच्या वाचनात 1 चे 9, 16 चे 36 आणि 256 चे 144 होतात. म्हणजे सोळापट बलवान प्रतिध्वनी केवळ चौपट भासतो, आणि जे चिन्ह शोधायचे तेच फिके पडते.

संकेत ओळखण्याची तजवीज आराखड्यात नाही असे नाही. फाइलच्या 3225 आणि 3226 या बाइटांत एक क्रमांक लिहावयाचा असतो, आणि तेथे 1 म्हणजे आयबीएमचा संकेत. परंतु आय-ट्रिपल-ईला 5 हा अधिकृत क्रमांक मिळाला तो 2002 सालच्या सुधारणेत, म्हणजे मानक होऊन 17 वर्षांनी. मधल्या काळात कित्येकांनी नव्या संकेतात आकडे लिहून क्रमांक मात्र जुनाच ठेवला, आणि तो प्रघात पुढेही रेंगाळला. अशा कागदावरील शिक्क्यावर विसंबून केलेले रूपांतर हे आंधळे रूपांतर होय. येथे एक खरा ताळा उपलब्ध आहे: आयबीएमच्या नियमाप्रमाणे मांडलेल्या, शून्याव्यतिरिक्त कोणत्याही संख्येत नववा ते बारावा हे चार बिट एकाच वेळी शून्य असू शकत नाहीत, आय-ट्रिपल-ईमध्ये मात्र तसे होणे नित्याचे आहे. काही हजार संख्या चाळल्या की क्षणार्धात संकेत उघड होतो. हा ताळा न घेता टेपांचे गठ्ठेच्या गठ्ठे रूपांतरित करण्याचे कोणतेही समर्थन मला मान्य होण्यासारखे नाही.

2017 सालच्या सुधारणेत सेग-वायने फाइलच्या मथळ्यात 16909060 हा ठरीव पूर्णांक लिहिण्याची सोय केली. त्याचे चार बाइट अनुक्रमे 1, 2, 3, 4 असे असल्याने वाचणाऱ्याला बाइटांचा क्रम तत्काळ समजतो. साक्षीदार फाइलमध्येच हजर! माझी मागणी अशी, की हीच युक्ती अपूर्णांकयुक्त संख्यांनाही लावावी, आणि हवामान, भूजल, भूकंप असा कोणताही आकडेसंग्रह जतन करणाऱ्या संस्थेने प्रत्येक फाइलच्या आरंभी 1 आणि उणे 100 यांसारखे दोन-चार ज्ञात आकडे त्याच संकेतात लिहून ठेवावेत. 1 च्या जागी 9 दिसले की काम तेथेच थांबेल. रूपांतराच्या करारनाम्यात ही अट स्पष्ट शब्दांत असावी, आणि साक्षी आकड्यांची रुजुवात होऊन जबाबदार अधिकाऱ्याची सही पडेपर्यंत मूळ टेप मोडीत काढण्याचा हुकूम कोणीही देऊ नये.