जागा कोणाला मिळाली ते बघा



आयपीएलचा हंगाम आला की आमच्या घराण्यात एक प्रश्न हमखास फिरतो. कुणाच्या तरी फँटसी संघातला हुकमी खेळाडू दुखावतो आणि मग पुण्याहून, लातूरहून, थेट अमेरिकेहूनसुद्धा विचारणा होते, "आता याच्या बदली कोणाला घेऊ?" सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे विचारतात याचे कारण एवढेच, की पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत सामना बघणारा माझ्याइतका रिकामा माणूस घरात दुसरा नाही. :) दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे म्हटले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक जण विचारतात, "त्याच्या तोडीचा कोण आहे?" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते असे : त्याच्या जाण्याने कोणते काम रिकामे झाले, ते संघाने कोणाच्या हाती दिले आणि किती दिवसांसाठी दिले?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खऱ्या सामन्यांत खेळणाऱ्या खेळाडूंमधून आपण आपला अकरा जणांचा संघ करायचा. प्रत्येक खेळाडूची एक किंमत ठरलेली असते आणि आपल्या हाती गुणांची ठरावीक पुंजी, म्हणजे सगळे मोठे खेळाडू एकट्याला घेता येत नाहीत. मैदानावर ते जे करतील, धावा, बळी, झेल, त्याचे गुण आपल्याला. आपण ज्याला कप्तान नेमू त्याचे गुण दुप्पट. हंगामभर चालणाऱ्या लीगमध्ये संघात बदलही मोजकेच करता येतात. या खेळाची सुरुवात अमेरिकेत १९६२ साली बिल विंकेनबाख आणि त्यांच्या सोबत्यांनी तिकडच्या फुटबॉलवरून केली. आपल्याकडे हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली मुंबईत ड्रीम इलेव्हन सुरू केले आणि बघता बघता तो गावोगावच्या मोबाईलमध्ये शिरला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. उदाहरण आपल्याच माणसाचे घेऊ, पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचे.

३० मार्च २०२५. गुवाहाटीत राजस्थानविरुद्धच्या सामन्यात तुषार देशपांडेचा चेंडू ऋतुराजच्या कोपरावर बसला. त्यानंतरही तो दोन सामने खेळला, पण हाडाला चीर गेली होती. १० एप्रिलला जाहीर झाले की तो हंगामातून बाहेर. चेन्नईने १८ कोटींना राखलेला खेळाडू, त्यात कप्तान. कप्तानी धोनीकडे गेली. झाले! लगोलग घरातल्या चार जणांनी ऋतुराजला काढून धोनीला घेतले. त्यांचा युक्तिवाद असा, की ऋतुराजची जागा धोनीने घेतली.

पण धोनीने घेतली ती कप्तानी. फँटसीच्या हिशेबात खऱ्या संघाच्या कप्तानीला एक गुण मिळत नाही. ऋतुराजचे गुण यायचे ते तिसऱ्या क्रमांकावर येऊन भरपूर चेंडू खेळण्याचे. धोनी ११ एप्रिलला कोलकात्याविरुद्ध नवव्या क्रमांकावर आला आणि एक धाव करून गेला. पुढच्याच सामन्यात लखनौविरुद्ध ११ चेंडूंत नाबाद २६ करून तो सामनावीर ठरला, हे खरे आहे. मीही टाळ्या वाजवल्या. पण इतक्या उशिरा येणाऱ्या फलंदाजाच्या वाट्याला चेंडू येऊन येऊन येणार किती? विहिरीत पाणी कितीही गोड असो, पोहरा लहान असेल तर हंडा भरायला वेळ लागणारच.

मग तिसरा क्रमांक गेला कोणाकडे? पहिले दोन सामने राहुल त्रिपाठीकडे, पण दोन्ही वेळा तो विशीच्या आत बाद झाला. दरम्यान चेन्नईने ३० लाखांना विरारच्या आयुष म्हात्रेला बोलावून घेतले. वय वर्षे १७. २० एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला, तोही नेमका तिसऱ्या क्रमांकावर, आणि १५ चेंडूंत ३२ धावा करून गेला. पुढे त्याला सलामीला पाठवले. ३ मे रोजी बंगळूरूमध्ये त्याने ४८ चेंडूंत ९४ धावा कुटल्या. चेन्नई दोन धावांनी हरली ती गोष्ट वेगळी. सात सामन्यांत त्याच्या २४० धावा झाल्या. म्हणजे ऋतुराजची खुर्ची एकाकडे गेली आणि त्याचे काम दुसऱ्याकडे. ज्याने काम कोणाकडे गेले ते पाहिले, त्याला स्वस्तात लॉटरी लागली.

माझा एक पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने मला तिकडच्या फुटबॉलमधला असाच दाखला सांगितला. नाव फुटबॉल असले तरी चेंडू हातात घेऊन खेळायचा तो खेळ. त्यात चेंडू पोटाशी कवटाळून समोरच्या गर्दीत घुसणारा एक गडी असतो, त्याला रनिंग बॅक म्हणतात. त्याला सतत मार खावा लागतो, त्यामुळे दुखापतीही त्याच्याच नशिबी जास्त. २०२४ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोचा क्रिश्चन मॅकॅफ्री हा असा गडी होता, की फँटसी खेळणारे बहुतेक जण त्याच्यावर पहिली उडी मारत. तो पोटरीच्या आणि टाचेच्या दुखण्याने पहिल्याच सामन्याला बसला. त्याच्या जागी उतरला जॉर्डन मेसन, ज्याचे नाव फारसे कोणाच्या यादीत नव्हते. ९ सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध संघाने त्याच्या हाती २८ वेळा चेंडू दिला आणि त्याने १४७ यार्ड काढले. पुतण्या म्हणाला, "काका, तो मॅकॅफ्री नाही, पण २८ वेळा चेंडू मिळाला की कोणीही बऱ्यापैकी मॅकॅफ्री होतो." एवढ्या लांब राहून पोराला हे समजले याचा मला आनंद झाला.

आणि आपल्या देवणीत हे नवीन आहे का? ज्या गावाच्या नावाने गोवंश ओळखला जातो तिथल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. जोडीतला एक बैल लंगडायला लागला, तर तो बाजारातला सगळ्यांत देखणा बैल आणत नाही. आधी बघतो, की आपला बैल जुवाच्या कोणत्या बाजूला चालत होता, उजव्या की डाव्या. मग उंची जुळते का, चाल जुळते का ते बघतो. उजवीकडची सवय असलेला राजबिंडा बैल डावीकडे जुंपला तर तास सरळ निघत नाही. रिकामी झाली आहे ती जुवाची एक बाजू, आणि भरायची आहे तीच.

घरातली तरुण मंडळी यावर म्हणतात, "आजोबा, फॉर्म बघायचा. मागच्या पाच सामन्यांतले आकडे बघायचे." आकड्यांशी माझे वैर नाही. पण ते आकडे त्याने कोणत्या जागेवरून केले, हे त्या तक्त्यात लिहिलेले नसते. सातव्या क्रमांकावर येऊन १२ धावा करणारा तिसऱ्या क्रमांकावर गेला तर त्याचे जुने आकडे निम्मे निरुपयोगी होतात. उलटही होते. शार्दूल ठाकूरचे बघा. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात या पालघरच्या गड्याला कोणीही घेतले नाही. मार्च २०२५ मध्ये मोहसीन खान जायबंदी झाला आणि लखनौने शार्दूलला बोलावले. मोहसीन डावखुरा, शार्दूल उजव्या हाताचा, म्हणजे सारख्याला वारखा मुळीच नाही. पण लखनौचे इतरही वेगवान गोलंदाज तेव्हा दुखण्यातून उठले नव्हते. षटके पडून होती आणि ती टाकायला अनुभवी हात हवा होता. पहिल्या सामन्यात दोन षटकांत १९ धावांत दोन बळी, दुसऱ्यात हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार. लिलावाचा आकडा शून्य होता, कामाचा आकडा हा.

तिसरी गोष्ट मुदतीची, आणि ती सगळेच विसरतात. त्याच हंगामात जसप्रीत बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे सुरुवातीला नव्हता. ३१ मार्चला मुंबईकडून अश्वनी कुमार पहिल्यांदाच खेळला आणि २४ धावांत चार बळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी जो तो त्याच्या मागे. पण बुमराह कायमचा गेला नव्हता, तो ७ एप्रिलला परतला. आठवडाभराच्या पाहुण्यासाठी हंगामातला मोलाचा बदल खर्च करायचा का, याचा विचार तेव्हाच करायला हवा होता. ऋतुराज संपूर्ण हंगामासाठी गेला होता, म्हणून त्याची गोष्ट निराळी. तिथे घाई नव्हती. एक-दोन सामने थांबून जागा कोणाकडे स्थिरावते ते बघणेच शहाणपणाचे होते.

थांबणे जमत नव्हते त्याचे मोठे कारण पैसा. पन्नास रुपयांच्या आतबाहेर भरायचे आणि कोटीची स्वप्ने बघायची, हा प्रकार काही वर्षे सर्रास चालला. पैसा लागला की माणूस बदली निवडत नाही, नुकसान भरून काढायला धावतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. काहींना ते जाचक वाटले, मला योग्य वाटले. आमची घरची लीग पहिल्यापासून बिनपैशाची आहे. हरलेल्याने सगळ्यांना चहा करून द्यायचा, एवढाच दंड. चहासाठी कोणी रात्रभर जागत नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा वाटतो. कोणी तरी मैदानात पडतो आणि आपल्या बैठकीत एखादे पोर उडी मारून म्हणते, "बरं झालं! आता माझा येणार!" मला ते ऐकवत नाही. एकाची दुखापत ही दुसऱ्याची संधी असते, खेळाचा तो नियमच आहे. १९९६ साली लॉर्ड्सवर संजय मांजरेकर जायबंदी होता म्हणून राहुल द्रविडला पहिली कसोटी मिळाली. त्याने ९५ धावा केल्या. त्यात द्रविडचा काही दोष नाही आणि आयुष म्हात्रेचाही नाही. संधी घेणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये. पण बघणाऱ्याने पडलेल्या माणसाकडे आधी बघावे, यादीकडे नंतर.

कारण फासे फिरायला वेळ लागत नाही. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी सिडनीत झेल घेताना श्रेयस अय्यर असा पडला, की त्याच्या प्लीहेला इजा झाली आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेत त्याच्या चौथ्या क्रमांकावर कोण आला? तोच आपला ऋतुराज. एप्रिलमध्ये ज्याची जागा रिकामी झाली होती, तो डिसेंबरमध्ये दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर उभा होता. ३ डिसेंबरला रायपूरला त्याने १०५ धावा केल्या, एकदिवसीय सामन्यांतले त्याचे पहिले शतक. आणि जानेवारी २०२६ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेसाठी श्रेयस परतला, तेव्हा शतक करूनही ऋतुराजला संघात जागा उरली नाही.

हे अन्यायाचे वाटते, आणि थोडे आहेही. पण बदलीची जागा ही उसनी जागा असते. उसने आणलेले भांडे घासूनपुसून परत द्यावे लागते. त्या काळात त्यात आपण काय शिजवले तेवढेच आपले. ऋतुराजचे ते १०५ आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा हुकमी एक्का जायबंदी झाला, तर मला फोन करण्याआधी एवढे करा. तो बरा आहे का, ते आधी वाचा. मग त्याचे काम कोणाला मिळाले ते पुढच्या सामन्यात डोळ्यांनी बघा. तो किती दिवसांनी परतणार याचा अंदाज घ्या. एवढे करूनही अडलात तर फोन आहेच, मी मोकळाच असतो. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे. मात्र "धोनी तो धोनीच" हा युक्तिवाद कृपया नको, तो मला आमच्या नातवाकडून रोज ऐकायला मिळतो.