यान घरीच बनवू ना!

घरात, शेजारी किंवा मावशीकडे असं एक तरी पोरगं असतंच. वय सात-आठ. डायनासोरचं वेड ओसरून अंतराळाचं सुरू झालेलं. कुठलं यान किती जोरात पळतं, कुठला रोबो चांगला, कुठला दुष्ट, सगळं तोंडपाठ. वाढदिवस जवळ आला की हळूच येऊन सांगतं, ‘दादा, मला लाइटसेबर हवंय.’ नाहीतर, ‘ताई, अ‍ॅस्ट्रोनॉटचा ड्रेस घे ना.’ तुम्ही मोबाइलवर किंमत बघता, पॉकेटमनी आठवता आणि गपचूप अ‍ॅप बंद करता.

मग ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणून वेळ मारून नेली जाते. असं दोन-तीनदा झालं की पोरगं मागायचंच बंद होतं. मला विचाराल तर खरा प्रॉब्लेम तिथे आहे. एखादं खेळणं मिळालं नाही तर बिघडत नाही. पण ‘आपल्या घरात असलं काही मागायचं नसतं’ हे आठव्या वर्षीच कळणं फार वाईट.

म्हणून माझं सरळ मत आहे, ते खेळणं आपण घरी बनवावं. आणि बनवताना ‘काय करणार, परवडत नाही’ असा चेहरा पाडून बसू नये. कारण ज्या सिनेमा-मालिकांचं या पोरांना वेड आहे, त्यासुद्धा जुगाड करूनच उभ्या राहिल्यात.

‘स्टार वॉर्स’चा पहिला सिनेमा १९७७चा. त्यात ल्यूकच्या लाइटसेबरची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा-फ्लॅशचा दांडा होता. ‘स्टार ट्रेक’साठी १९६६मध्ये काही हटके मीठदाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या विचित्र दिसत होत्या, की प्रेक्षकांना त्या मीठदाण्या वाटणारच नाहीत म्हणून डॉक्टरची उपकरणं म्हणून वापरल्या. ‘डॉक्टर हू’मध्ये १९६३ साली आलेल्या डालेक नावाच्या खलनायकांचा एक हात तर चक्क सिंक तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप!

कपड्यांचीही तीच गोष्ट. १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग ज्या स्पेससूटमध्ये चंद्रावर चालले, तो आयएलसी या कंपनीचा. प्लेटेक्स ब्रा बनवणाऱ्यांच्याच घराण्यातली ही कंपनी. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी एकावर एक थर रचून तो सूट शिवला. थरावर थर ठेवून टाके घालायचे, हे आपल्या आजीला सांगून बघा. ती म्हणेल, ‘म्हणजे गोधडीच की!’

आपल्यालाही हे नवीन नाही. दिवाळीत माती आणि पोती गोळा करून किल्ला आपणच करायचो. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरलं आणि महिन्याभरात गणपतीच्या सजावटीत पुठ्ठ्याचे लँडर दिसायला लागले. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब अशा वस्तूंपासून खेळणी बनवायला शिकवलं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात.

मग सुरुवात कुठून? लाइटसेबरसाठी टॉर्चच्या तोंडावर रंगीत जिलेटिन पेपर लावा, पुढे ट्रेसिंग पेपरची लांब सुरळी चिकटवा आणि मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. अंधारात भारी चमकतं. मारामारीत फाटेल, पण कुणाला लागणार नाही आणि पाच मिनिटांत दुसरं तयार. स्पेससूटसाठी बाबांचा जुना पांढरा शर्ट उलटा घाला, बटणं पाठीवर. बाह्या आखूड करून मनगटाला इलॅस्टिक. पाठीवर कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या झाल्या ऑक्सिजनच्या टाक्या. छातीवर पुठ्ठ्याचं कंट्रोल पॅनल, त्यावर बाटल्यांची झाकणं आणि बंद पडलेल्या कीबोर्डची बटणं. चिप्सचं पाकीट धुऊन आतली चंदेरी बाजू वर लावा. यानांना उन्हापासून वाचवणारं चकचकीत आवरणही असंच, पातळ प्लास्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेलं असतं. हेल्मेटला पुठ्ठ्याचं खोकं, चेहऱ्यासमोर पूर्ण उघडं. डोक्यात प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. कटर आणि ग्लू गन आपल्याच हातात. लेझर पॉइंटर आणि छोटे बटण सेल तर नकोच. सेल पोटात गेला तर जिवावर बेततं.

आता तुम्ही म्हणाल, शाळेतली पोरं ‘डुप्लिकेट आहे’ म्हणून हसतील. हसतीलही. हुबेहूब नक्कल करायला गेलं की ती नक्कलच दिसते. म्हणून नक्कल करूच नका. पोराला स्वतःचा ग्रह शोधू दे, मग त्या ग्रहाचा युनिफॉर्म बनवा. ज्याचं ओरिजिनल बाजारात नाही, त्याला डुप्लिकेट कोण म्हणणार?

आणखी एक. रील्स बघून फोम शीट, स्प्रे पेंट, एलईडी पट्ट्या मागवत बसलात, तर बिल दुकानातल्या खेळण्याच्या वर जाईल. आधी घरातलं भंगार उचकायचं, दुकान शेवटी. आणि यान आपलं नाही, हे लक्षात ठेवायचं. छान दिसावं म्हणून आपणच सगळं पूर्ण केलं, की पोरगं बाजूला बसून नुसतं बघत राहतं. माझ्या मावसभावाच्या यानाला एक लाल झाकण आहे. मी ते इंजिनचं बटण म्हणून लावलं. तो म्हणतो, ते दाबलं की शाळेला सुट्टी लागते. विकतच्या खेळण्यात कुठलं बटण काय करणार, हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. इथे ते त्याने ठरवलं.

यात खरंच महाग काही असेल, तर ती आपली रविवारची दुपार. ती द्यायला आपण कॉलेजवाले अगदी योग्य आहोत. कटर धरण्याइतके मोठे आणि डार्थ व्हेडर कोण हे समजावून सांगावं न लागण्याइतके लहान. तेव्हा या वेळी रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी ते मोठं खोकं बाजूला काढा, आणि पोराला विचारा, कुठे जायचं?