कळांच्या वेळी उशाशी कोण?

नांदेड असो की लातूर, सरकारी दवाखान्यातल्या प्रसूतिकक्षाबाहेरचे दृश्य वर्षानुवर्षे तेच आहे. भिंतीला टेकून बसलेली आई, जुन्या लुगड्याची धडपी आणि दुपटी भरलेली पिशवी मांडीवर घेतलेली सासू, येरझारा घालणारा नवरा आणि गावाहून गाडीत सोबत आलेली आशाताई. आत जिला कळा सुटल्या आहेत ती मात्र एकटी. म्हणजे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, पण ज्या माणसाचा हात घट्ट धरून ओरडावे असे माणूस नाही.

हा नियम कोणी केला, असे विचारले तर उत्तर गमतीचे आहे. नियम उलटा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच सरकारी रुग्णालयांना कळवले, की प्रसूतीच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण असू द्यावी. नात्यातली, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. जिथे आडोशाची व्यवस्था आहे तिथे नवऱ्यालाही आत घेता येते. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यानेही सन्मानाची वागणूक आणि सोबतीण या दोन्ही गोष्टी प्रसूतिकक्षाच्या दर्जात धरल्या. किती बाळंतिणींना हे ठाऊक आहे? आपल्या घरातल्या लेकीसुनांना विचारून पाहा.

आपल्याकडे बाळंतपण ही कधीच एकटीची गोष्ट नव्हती. पहिलटकरणीला माहेरी आणायचे, ते याचसाठी. कळा सुरू झाल्या की सुईण यायची. ती पोटावरून हात फिरवून अंदाज घ्यायची, कंबर चोळायची, बाईला चालायला लावायची, धीर द्यायची, वेळप्रसंगी खेकसायचीही. बाळ झाल्यावर वार पडेपर्यंत हलायची नाही, आणि पुढे शेकशेगडी, न्हाऊमाखू यांतही तिचा हात असायचा. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत ही सुईण मातंग समाजाची असे. नाळ कापणे, वार पुरणे ही 'विटाळाची' कामे गावाने तिच्या वाट्याला दिली होती. पाटलाच्या वाड्यात बाळाला पहिला स्पर्श तिचा. विटाळ फिटला की तीच उंबऱ्याबाहेर. मोबदला म्हणून पायलीभर धान्य, खण, जुने लुगडे. तिच्या स्वतःच्या सुनेच्या वेळी वाड्यातले कोणी आले असेल, असे वाटत नाही.

म्हणून सुईणीच्या जमान्याचे गोडवे गाऊ नयेत. मूल आडवे आले, रक्तस्राव थांबेना, झटके येऊ लागले, तर तिच्या हाती काही नसे. गावोगावी 'अडून' गेलेल्या बायकांच्या कहाण्या आहेत. सरकारने अनेक वर्षे दायांना प्रशिक्षण दिले, पाते, दोरा, साबण अशी पेटीही दिली. पण २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा आल्या आणि धोरणाचा काटा पूर्णपणे दवाखान्याकडे वळला. त्याचे फळही दिसले. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेले. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. हजारो घरांतल्या आया वाचल्या. हे श्रेय डॉक्टर, परिचारिका आणि आशांचेच.

पण या घाईत एक वस्तू घरी राहून गेली. सुईणीचे कौशल्य दवाखान्याने घेतले, सुधारले. तिची सोबत कोणीच घेतली नाही. एका सिस्टरकडे एकाच वेळी चार-पाच बायका, त्यात लिहिण्याची रजिस्टरे. बाई ओरडली तर समजावायला वेळ नाही, मग रागावणे होते, कधी हात उगारला जातो, कधी 'तेव्हा कसं कळलं नाही' छापाचे बोलणे ऐकावे लागते. वॉर्डातल्या मावशीला मुलगा झाल्याची 'खुशाली' द्यावी लागते, ते वेगळेच. बायका याबद्दल बाहेर बोलत नाहीत. बाळ हातात आले की सगळे विसरायचे, असे शिकवलेले असते.

ही सोबत म्हणजे नुसता मायेचा प्रश्न आहे असे समजू नये. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात काही डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला, तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात काही बायकांजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. काम एवढेच: पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचे. गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणांत या बायकांचा दाखल झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा वेळ निम्म्यावर आला. तेव्हापासून असे कितीतरी अभ्यास झाले. २०१७ मध्ये २६ प्रयोगांचा, १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्र आढावा निघाला. सतत सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूती वाढतात, कळांचा काळ घटतो, सिझेरियन कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्या देशात खाजगी रुग्णालयांत जवळजवळ निम्मी बाळंतपणे सिझेरियनने होत असताना, तरी ही बिनखर्चाची गोष्ट कोणी मनावर घेत नाही, हे नवलच.

पाश्चात्त्य देशांत या सोबतिणीला 'डूला' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेविका, दासी. पुण्या-मुंबईतही आता फी घेऊन सोबत करणाऱ्या डूला मिळतात. अमेरिकेत मात्र ही चळवळ श्रीमंतांच्या हौसेपुरती राहिली नाही, आणि त्याचे कारण आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. त्या संपन्न देशात २०२३ मध्ये लाख जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, तर कृष्णवर्णीय माता ५०.३. याचा उलगडा नुसत्या गरिबीने होत नाही. जगज्जेती टेनिसपटू सेरेना विल्यम्स २०१७ मध्ये बाळंत झाली. फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकल्याची तिला शंका आली, तपासणी करा म्हणून तिला स्वतःच आग्रह धरावा लागला, आणि गाठी निघाल्या. तिची ही गत, तर साध्या बाईचे कोण ऐकणार? म्हणून तिथे कृष्णवर्णीय डूला आपल्याच वस्तीतल्या बायकांबरोबर रुग्णालयात जाऊ लागल्या. ऑरेगन, मिनेसोटासारख्या राज्यांनी त्यांचा मोबदला गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून देणे सुरू केले.

आपल्याकडे जिचे कोणी ऐकत नाही अशी बाई कोण? किनवट-माहूरच्या डोंगरातली कोलाम किंवा गोंड बाई, जिला नांदेड शंभर किलोमीटरहून दूर आणि डॉक्टरांची भाषा त्याहून दूर. मुखेड, कंधार, जळकोटच्या तांड्यांवरची लमाण बाई. दिवाळीच्या सुमारास हे तांडे ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. खाडा पडला की पैसे कापले जातात, त्यामुळे दिवस भरत आले तरी मोळ्या उचलणे सुटत नाही. कळा येतात त्या परमुलखात, जिथे ना तिची आई, ना तिची आशा, ना तिचे कार्ड ओळखणारी परिचारिका. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला, विधिमंडळाच्या पातळीवर समिती नेमली गेली. तेव्हा तरी या बायकांच्या शरीराचा हिशेब मांडला गेला. बाळंतपणाचा अजून मांडायचा आहे.

डॉक्टरांची बाजू खोटी नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. देशभर हळहळ झाली. एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. छायाचित्रे छापून आली आणि औषधे, खाटा, रिक्त पदे हे मूळ विषय मागे पडले. जिथे चार जिल्ह्यांचे आणि शेजारच्या तेलंगणातलेही रुग्ण येतात, तिथे प्रत्येक बाईमागे आणखी एक माणूस आत घ्या म्हटल्यावर डॉक्टर कपाळाला हात लावणारच. दोन टेबलांमध्ये पडदा नसेल, तर एकीच्या सासूपुढे दुसरीची लाज जाते. तेव्हा आधी पडदे हवेत. पडदा, एक स्टूल, सोबतिणीसाठी धुतलेला गाऊन: एवढ्यावर सुरुवात होते.

दुसरी अडचण पैशाची. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात आशेला एका बाळंतपणामागे ६०० रुपये मिळतात. निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांचे, निम्मे दवाखान्यात पोचवण्याचे. रात्रभर उशाशी बसण्याचे काही नाही. ती बसते ती भिडेखातर. आई जिवंत नाही, सासू आजारी आहे, किंवा बाई ऊसतोडीच्या गावी अडकली आहे, अशा वेळी प्रशिक्षित, मानधनावरची सोबतीण लागणार. ती गोरमाटी किंवा कोलामी बोलणारी असेल, तर निम्मे काम तिथेच होईल. जुन्या सुईणींच्या लेकीसुनांना हे काम पुन्हा द्यायचे तर मात्र विटाळाच्या हिशेबाने नव्हे, पगारपत्रकावर नाव लावून. हे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, हा विषय नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी आपल्या आराखड्यात घ्यावा. यंदाचे गाळप सुरू होण्याआधी घेतला तर बरे.