मत नको, नकाराचा हक्क हवा

तेंदूपत्ता म्हणजे विदर्भातल्या जंगलगावांना पावसाळ्याच्या तोंडावर मिळणारा हक्काचा रोख पैसा. बियाणं, मुलांच्या वह्या, दुकानातली उधारी, सगळं त्यातून भागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं या पैशावर आपणहून पाणी सोडलं. २०१२ साली गावाला वन हक्क कायद्याखाली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभेनं ठरवलं, पत्ता तोडायचा नाही. कोवळा पत्ता यावा म्हणून झाडं छाटतात, खाली आग लावतात. छाटलेल्या झाडाला टेंभरं धरत नाहीत, आणि टेंभरं माणसं खातात, पाखरं खातात, अस्वल खातं. आगीत जमिनीलगतचं सगळं जळून जातं आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. वर त्या पत्त्याची होते विडी. गावानं बांबूवर भागवायचं ठरवलं, आणि जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा राखून ठेवला. तिथं कुणीच हात लावायचा नाही.

माती आणि पाणी वाचावं म्हणून आपल्या उत्पन्नातला एक रुपया तरी असा सोडून देणारं सरकारी खातं मला कुणी दाखवावं.

तरीही पर्यावरणाचं धोरण लिहायला बसणाऱ्यांच्या लेखी अशा आदिवासी गावांचं ज्ञान म्हणजे प्रस्तावनेत घालायचा एक परिच्छेद. आदिवासींना निसर्गाची जाण असते, असं त्यात आदरानं लिहायचं, आणि पुढच्या पानापासून त्यांना विचारायचंच नाही. या आदराचा मला संताप येतो. ज्याला जाण आहे असं तुम्ही स्वतःच लिहिता, त्याच्या हातात निर्णय का देत नाही?

पाण्याचंही तेच. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधले. त्या तलावांत मासेमारी करून ढिवर जगत आले. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मग योजना आल्या त्या रोहू, कटला, मृगळचं बीज सोडायच्या. तलावात बेशरम नावाची वनस्पती माजली, तळच्या पाणवनस्पती गेल्या आणि मरळ, मांगूर, शिंगी दिसेनाशा झाल्या. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, कोणती वनस्पती कोण खातो, हे ढिवरांना तोंडपाठ होतं. अर्जुनी मोरगावच्या बाजूला त्यांनीच उन्हाळ्यात कमी पाण्यात उतरून बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ढिवर अनुसूचित जमातीच्या यादीत नाहीत, पण तलावाची नाडी त्यांच्याच हाताला कळते. तलाव कुणाच्या मालकीचा हे कागदावर ठरलं, तो कसा जगतो हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना मात्र त्या कागदात जागा मिळाली नाही.

कायदा नाही म्हणून हे चाललंय, असंही नाही. २००६ च्या वन हक्क कायद्याचं पाचवं कलम ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, जैवविविधता, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देतं. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राच्याच पर्यावरण मंत्रालयानं कळवलं, की जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती लागेल. २०१३ साली ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि तिथल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं.

माझ्या मते सरकारला खरा धक्का बसला तो तिथं. आदिवासीला विचारलं तर तो नाही म्हणू शकतो, हे कळलं. जून २०२२ मध्ये वन संवर्धनाचे नवे नियम आले. आता केंद्र आधी मंजुरी देणार, आणि वन हक्कांची पूर्तता झाली की नाही हे राज्य सरकार नंतर पाहणार. मंजुरी हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या कंपनीला पाच-पंचवीस घरांची ग्रामसभा काय अडवणार? ही संमतीची हत्या आहे, आणि ती नियमाच्या भाषेत केलेली आहे.

गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा. तिथल्या लोहखाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायची होती. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना सांगते, जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्या. ऑक्टोबर २०२२ मधली ही सुनावणी झाली शंभर किलोमीटरहून लांब, गडचिरोली शहरात. खाणीच्या एटापल्ली तालुक्यातल्या आतल्या पाड्यावरच्या बाईनं मजुरी बुडवून, गाड्या बदलत, पोलीस बंदोबस्तातून तिथं पोचायचं आणि आपल्या नदीचं काय होणार ते बोलून दाखवायचं, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांना तिचं ऐकायचंच नव्हतं.

ग्रामसभा चुकतच नाहीत असं मी म्हणत नाही. ठेकेदार तिथंही फूट पाडतात, दारू पाजून सह्या घेतल्याच्या तक्रारीही होतात. पण ग्रामसभा चुकली तर तिचा ओढा आटतो, तिची लेकरं भोगतात. मंत्रालयात चुकलेल्या माणसाची फार तर बदली होते. ज्याला भोगायचं आहे त्यानंच ठरवावं, यात अवघड काय आहे?

मंजुरी आधी आणि वन हक्क नंतर, ही २०२२ मध्ये आणलेली तरतूद मागे घ्या. ग्रामसभेची संमती केंद्राच्या मंजुरीच्या आधी घ्या, आणि तिनं नाही म्हटलं तर फाईल तिथंच बंद करा. हे होत नाही तोवर धोरणाच्या मसुद्यांवर आदिवासींची मतं मागवणारी पत्रं पाठवू नका. पाचगावनं आपलं मत हजार हेक्टरवर दाखवून दिलं आहे. ते ज्यांना वाचायचं असेल त्यांनी तिथं जाऊन वाचावं.